मैदान कुणाचं?



आधीच सांगतो, मेल लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही पंधरा-सोळा जण (निम्मे मराठी, बाकी उरलेला भारत, दोन मेक्सिकन आणि एक घानाचा गोलकीपर) गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी बे एरियातल्या एका सार्वजनिक मैदानावर फुटबॉल खेळतो. फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. इथल्या हेल्मेटवाल्या खेळाला मी सरळ अमेरिकन फुटबॉल म्हणेन, म्हणजे घोटाळा नको. तर त्याच मैदानावर शनिवारी एक रग्बी क्लब खेळतो. उन्हाळ्यात कुणाला कुणाचा त्रास नाही. पण इथला पाऊस आणि रग्बीचा सीझन नेमके एकाच वेळी येतात. जानेवारीत आम्ही रविवारी सकाळी पोचतो तेव्हा मधल्या पट्ट्यात कुणीतरी नांगर फिरवून गेल्यासारखं वाटतं. ज्वारी पेरायचीच काय ती बाकी!

यंदा आमच्यातल्या एकाचा पाय तिथल्या खड्ड्यात मुरगळला. गुडघा सुजला, एमआरआय झाला, आणि इन्शुरन्सचं बिल आल्यावर त्याला पुन्हा एकदा दुखलं. लगेच ग्रुपवर अर्ज फिरायला लागला: रग्बीवाल्यांना या मैदानावरून हलवा. बावीस सह्या झाल्या. तेविसावी माझी हवी होती. मी सही करणारच होतो, पण म्हटलं, सिटीच्या पार्क कमिटीपुढे बोलायचं तर चार गोष्टी वाचून जावं. आपल्याला सवयच आहे ना, बग दिसला की आधी लॉग बघायची. तो लॉग दीडशे वर्षं मागे गेला, आणि गंमत म्हणजे त्याची पहिली पानं निघाली आपल्या मुंबईत.

पोलोचे घोडे आणि आपलं क्रिकेट

मुंबईत राहिलेल्यांनी आझाद मैदान आणि त्याला लागून असलेला बॉम्बे जिमखाना पाहिला असेलच. ती मैदानं म्हणजे जुन्या एस्प्लनेडचे तुकडे. एकोणिसाव्या शतकात तिथे रोज संध्याकाळी शेकडो देशी पोरं क्रिकेट खेळायची. आधी पारशी, मग आपले हिंदू. त्यातलं पहिलं नाव म्हणून १८६१ सालचे रामचंद्र विष्णु नवलेकर यांचं सांगतात. बॉम्बे जिमखाना निघाला १८७५ मध्ये, फक्त गोऱ्यांसाठी. जिमखान्याच्या साहेबांना पोलोचा शौक. आता पोलो खेळायचा कुठे? तर देशी लोक जिथे क्रिकेट खेळतात तिथे.

घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीचं काय होतं ते सांगायला नको. उखडलेल्या जमिनीवरून चेंडू कधी कपाळाकडे, कधी घोट्याकडे. १८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर साडेचारशेहून जास्त सह्या होत्या. मागणी साधी होती: पोलो दुसरीकडे हलवा. मधे एकदा पोलो कूपरेजला गेलासुद्धा, पण साहेबांनी तक्रार केली आणि पुन्हा परत आला. मग पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तरं. हे प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी गृहस्थांनी १८९७ मध्ये या सगळ्या लढ्याचं पुस्तकच छापलं, म्हणून आज आपल्याला ते तपशिलात कळतं.

यातली खरी मेख लक्षात घ्या. जिमखान्याचं स्वतःचं क्रिकेटचं हिरवंगार मैदान शेजारीच होतं आणि त्यावर घोडा कधी चढला नाही. म्हणजे टापांनी गवत जातं हे साहेबांना व्यवस्थित माहीत होतं. आपलं राखायचं, दुसऱ्याचं तुडवायचं, आणि तेही मूठभर लोकांच्या खेळासाठी. भांडण क्रिकेट आणि पोलो यांच्यात नव्हतंच. ज्याच्याकडे दुसरं मैदान आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्यांच्यात होतं.

तोडगा निघाला तो समुद्रात भराव घालून. मरीन लाइन्सला नवी जमीन तयार झाली, तिथे आधी पारशी, मग इस्लाम आणि १८९४ मध्ये हिंदू जिमखाना आला. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ओळीने दिसतात ते हेच. तोडगा म्हणायचा खरा, पण जातीधर्माच्या कुंपणांसकट मिळालेला. आणि कूपरेज? पोलो गेला, पुढे तेच मुंबईच्या फुटबॉलचं माहेरघर झालं.

आणि तेव्हा मैदान राखत कोण होतं? पुण्यात एका पारशी क्लबच्या खेळपट्टीवर झाडलोट आणि रोलर फिरवण्यासाठी महिना तीन रुपयांवर एक मुलगा होता. पुढे पूना क्लबात चार रुपयांवर गेला. तिथे साहेबांना सराव म्हणून त्याला चेंडू टाकायला लावायचे. तो म्हणजे पळवणकर बाळू, भारतातला पहिला मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज. अस्पृश्य म्हणून ज्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा, त्याच्याच हातांनी ती खेळपट्टी गुळगुळीत व्हायची. मैदानाच्या इतिहासात खेळणाऱ्यांची नावं राहतात, राखणाऱ्यांची राहत नाहीत. बाळू अपवाद, कारण तो दोन्हीही होता.

इकडे अमेरिकेत

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये उलटं चाललं होतं. सेंट्रल पार्कच्या उत्तरेला पोलोसाठी एक मैदान केलं होतं. १८८० मध्ये तिथे बेसबॉल आला आणि पोलो मागे पडला. पुढे स्टेडियमची जागा बदलली, तरी नाव 'पोलो ग्राउंड्स'च राहिलं. नंतरच्या पोलो ग्राउंड्सवर बेसबॉल झाला, अमेरिकन फुटबॉल झाला, आपला फुटबॉलही झाला. पोलो मात्र नाही! आपल्याकडे कसं, चिंचपोकळीत चिंचा शोधत फिरावं तसं.

एकाच मैदानावर दोन खेळ, हा तर अमेरिकन फुटबॉलचा जन्मदाखलाच आहे. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात जो सामना झाला, त्यात बाजूला पंचवीस-पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायची परवानगी नव्हती, म्हणजे तो आपल्या फुटबॉलच्या जवळचा. मे १८७४ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाची पोरं हार्वर्डला आली. दोघांचे नियम वेगळे. मग ठरलं की एक दिवस हार्वर्डच्या नियमांनी, दुसऱ्या दिवशी मॅकगिलच्या रग्बी नियमांनी खेळायचं. दुसरा सामना ०-० सुटला, पण हार्वर्डवाल्यांना रग्बी इतकी आवडली की त्यांनी आपला खेळच बदलला. त्या रग्बीतून हळूहळू आजचा अमेरिकन फुटबॉल तयार झाला. १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जायचा नियम आला. ते अंतर मोजायला मैदानावर आडव्या रेघा मारल्या, आणि मैदान शेगडीच्या जाळीसारखं दिसायला लागलं, म्हणून त्याला ग्रिडआयर्न म्हणतात. आजही शाळेच्या मैदानावर आपण फुटबॉल खेळतो तेव्हा त्या पांढऱ्या रेघांच्या जाळ्यात आपली पेनल्टी बॉक्सची पिवळी रेघ शोधावी लागते, त्याचं मूळ हे.

पुढे हा खेळ फार हिंसक झाला. १९०५ च्या सीझनमध्ये १८-१९ मुलं मेल्याचा हिशेब वर्तमानपत्रांनी दिला. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं. खेळाडूंची गर्दी फुटावी म्हणून काय करता येईल यावर चर्चा सुरू झाली. येलचे वॉल्टर कॅम्प म्हणाले, मैदान चाळीस फूट रुंद करा. पण हार्वर्डचं काँक्रीटचं स्टेडियम नुकतंच, १९०३ मध्ये उभं राहिलं होतं. ते रुंद करायचं म्हणजे तोडायचं. मग मैदान राहिलं १६० फुटांवर, आणि चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा आली, असं सांगतात. म्हणजे सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक जो पन्नास यार्डांचा पास टाकतो, त्यात काँक्रीटच्या एका भिंतीचाही हात आहे.

हे १६० फूट लक्षात ठेवा. म्हणजे जेमतेम ४९ मीटर. आपल्या फुटबॉलला मोठ्या सामन्यांसाठी रुंदी लागते ६८ मीटर, आणि रग्बीलाही साधारण तेवढीच. अमेरिकेत गावोगावी जी स्टेडियमं बांधली गेली ती या चिंचोळ्या मापाने. त्यामुळे इथे फुटबॉल आणि रग्बी हे दोघेही कायमचे पोटभाडेकरू.

कॅलिफोर्नियाची रग्बी

आता आपल्या अंगणातली गोष्ट. १९०६ मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली या दोन्ही विद्यापीठांनी अमेरिकन फुटबॉल बंद केला आणि त्याजागी रग्बी आणली. स्टॅनफर्डचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन आणि बर्कलीचे बेंजामिन आइड व्हीलर, दोघेही यामागे ठाम उभे होते. १९०६ ते १९१४ त्यांचा वर्षातला मोठा सामना, ज्याला इथे बिग गेम म्हणतात, तो रग्बीचा होता. १९१३ मध्ये न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स आले आणि बर्कलीच्या मैदानावर अमेरिकन संघाला ५१-३ असं धुऊन गेले. १९१५ मध्ये बर्कली परत अमेरिकन फुटबॉलकडे वळलं आणि महायुद्धानंतर स्टॅनफर्डही.

पण त्या आठ-नऊ वर्षांत पेरलेलं वाया गेलं नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये रग्बीचं सुवर्णपदक कुणी जिंकलं? अमेरिकेने, फ्रान्सला ८-० हरवून. १९२४ मध्ये पॅरिसला पुन्हा, १७-३. संघात भरणा स्टॅनफर्ड, बर्कली, सांता क्लाराच्या पोरांचा. त्यानंतर १५ जणांची रग्बी ऑलिंपिकमधून गेलीच. मला हे वाचेपर्यंत रग्बीवाले म्हणजे कुठूनतरी आलेले पाहुणे वाटत होते. हिशेब काढला तर या खोऱ्यात ते आमच्या आधी शंभर वर्षांपासून चिखलात लोळताहेत!

हिरवा रंग

मैदानाच्या अवस्थेची सगळ्यात मजेशीर गोष्ट पेलेची. जून १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून पहिला सामना खेळला तो रँडल्स आयलंडवरच्या डाउनिंग स्टेडियममध्ये. हे तेच स्टेडियम, जिथे १९३६ मध्ये जेसी ओवेन्स बर्लिनसाठी निवडला गेला. पण १९७५ पर्यंत मैदानाची रया गेली होती. जागोजागी उघडी माती. सामना टीव्हीवर दाखवायचा म्हणून मातीला चक्क हिरवा रंग मारला. सामना २-२ सुटला. नंतर पेलेने पाहिलं तर पाय हिरवे! त्याला वाटलं कसली तरी बुरशी लागली. हा शेवटचा सामना, म्हणून तो हटून बसला होता आणि रंग आहे हे कळल्यावर शांत झाला, असं सांगतात.

हाच पेले सप्टेंबर १९७७ मध्ये कॉसमॉसबरोबर कोलकात्याला आला, मोहन बागानविरुद्ध खेळायला. मैदान होतं ईडन गार्डन्स, म्हणजे क्रिकेटचं. त्यात पाऊस. ओल्या मैदानावर पेलेला उतरवायचं की नाही यावर खल झाला. शेवटी तो खेळला. सामना पुन्हा २-२. अमेरिकेत मातीला रंग, आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानात चिखल. बिचाऱ्याच्या नशिबी धड मैदान दोन्हीकडे नव्हतं.

हिरव्या रंगाची युक्ती अमेरिकेला नवी नव्हती. १९६५ मध्ये ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम उघडलं, छप्पर असलेलं भलंमोठं स्टेडियम. छताला पारदर्शक तावदानं, खाली खरं गवत. पण उन्हाच्या तिरिपीत खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. मग तावदानं रंगवली. ऊन थांबलं, चेंडू दिसला, आणि गवत मेलं. एक बग फिक्स केला की दुसरा उघडतो तो असा! उरलेला सीझन मेलेल्या गवताला आणि मातीला हिरवा रंग देऊन काढला. १९६६ मध्ये मोन्सँटो कंपनीचं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं, त्याचंच नाव पुढे ॲस्ट्रोटर्फ पडलं.

इंजिनिअर म्हणून मला हा उपाय पहिल्यांदा फारच आवडला होता. पाणी नको, खत नको, अमेरिकन फुटबॉल झाल्यावर दोन तासांत दुसरा खेळ. पण खाली पाय अडकला की गवत उखडत नाही, मग सुटायचं काय? गुडघा. शिवाय शिवणी उसवतात. डिसेंबर २०१५ मध्ये होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमवर अमेरिकेच्या महिला संघाचा त्रिनिदाद-टोबॅगोशी सामना होता. त्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला संघ. मैदान मुख्यतः अमेरिकन फुटबॉलचं, प्लॅस्टिकचं. खेळाडूंनी जाऊन पाहिलं तर शिवणी हाताने उचलता येत होत्या. त्यांनी खेळायचं नाकारलं आणि फेडरेशनला सामना रद्द करावा लागला. याच मुली त्या उन्हाळ्यात कॅनडात अख्खा विश्वचषक प्लॅस्टिकवर खेळल्या होत्या. पुरुषांचा विश्वचषक मात्र खऱ्या गवतावर. पुन्हा तीच मेख: कुणाला कुठलं मैदान द्यायचं हे गवत ठरवत नाही.

खरं गवत आणायचं ठरवलं तर येतं. १९९४ च्या विश्वचषकात डेट्रॉइटजवळच्या पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये, छपराखाली, गवत नेलं. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी षटकोनी पेट्यांत गवत वाढवलं आणि त्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या एकमेकींना जोडल्या. अमेरिका-स्वित्झर्लंड १-१ हा विश्वचषकातला पहिला छपराखालचा सामना तिथेच झाला. त्या कामातले ट्रे रॉजर्स हे प्राध्यापक २०२६ च्या विश्वचषकाच्या गवतावरही काम करत होते. या वेळी अमेरिकेतली ११ स्टेडियमं निवडली गेली आणि अकराच्या अकरा एनएफएल संघांची घरं. त्यातल्या सात ठिकाणी प्लॅस्टिक काढून किंवा झाकून खरं गवत घालायचं होतं. न्यू जर्सीच्या मेटलाइफमध्ये तर रुंदी पुरावी म्हणून कोपऱ्यांतल्या सतराशेहून जास्त खुर्च्या काढायचं ठरलं. आठवलं ना १६० फूट? आणि घाई केली तर काय होतं ते २०२४ च्या कोपा अमेरिकेत दिसलं. अटलांटात प्लॅस्टिकवर अंथरलेल्या गवतावर अर्जेंटिना पहिला सामना जिंकला आणि जिंकूनसुद्धा त्यांच्या कोचने मैदानाला नावं ठेवली.

घराजवळचं उदाहरण सांता क्लाराचं. लीव्हायज स्टेडियमला लागूनच मुलांचा सॉकर पार्क आहे. २०१६ च्या सुपर बोलच्या वेळी तो पार्क माध्यमांच्या तंबूंसाठी घेतला. मुलांची लीग कोर्टात गेली, पण कोर्टाने थांबवलं नाही. आपल्यातल्या कित्येकांची पोरं तिथे खेळलेली आहेत.

स्क्रम आणि आमचा खड्डा

आता परत आमच्या मैदानावर. हे सगळं वाचून मी एका शनिवारी मुद्दाम रग्बीच्या वेळेला गेलो. पाऊस होऊन गेला होता. मैदानाचा माळी तिथेच होता, सिटीचा माणूस, पन्नाशीचा, मूळचा मेक्सिकोचा. सहा वर्षांत मी त्याला 'हाय' पलीकडे काही बोललो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

मी त्याला मधला पट्टा दाखवला आणि म्हटलं, बघा काय करून ठेवलंय यांनी. तो हसला. त्याने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात. एका बाजूचं वजन सातशे-आठशे किलो सहज. हा जोर आडवा लागतो, आणि गवताचं मूळ आडव्या जोराला कच्चं. जमीन ओली असेल तर गालिचा उचलावा तसा गवताचा थर सरकतो. हे दिसायला भयंकर. पण मूळ शाबूत असेल तर थर परत दाबून, वर वाळू आणि बी टाकलं की काही आठवड्यांत भरून येतं.

मग तो मला गोलपाशी घेऊन गेला. आमच्या गोलपाशी. तिथे बशीसारखा खळगा झालाय, कायम पाणी साचतं. याच खड्ड्यात आमच्या मित्राचा पाय मुरगळला होता. त्याने खिशातून लांब पात्याचा चाकू काढला आणि जमिनीत घातला. दोन इंचावर अडकला. मधल्या नांगरलेल्या पट्ट्यात तोच चाकू सहज सहा इंच गेला होता.

"हा रग्बीचा नाही," तो म्हणाला. "इथे रग्बी खेळतच नाहीत. हा तुमचा आहे."

झालं असं की आम्ही सहा वर्षं दोन्ही गोल त्याच जागी ठेवून खेळलो. वॉर्मअपही तिथेच, शूटिंग प्रॅक्टिसही तिथेच. गोलकीपर तर दीड तास त्याच चार फुटांत नाचतो. माती ठोकून ठोकून दगड झाली. मातीत हवा नाही, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. आणि दोन वर्षांपूर्वी पावसामुळे मैदान बंद असल्याची पाटी लावली होती, तेव्हा आम्ही ती पाटी हळूच बाजूला ठेवून खेळलो होतो. "एकच मॅच" म्हणून. पाटी बाजूला ठेवणाऱ्यांत मी होतो. त्याला आठवत होतं. मला विसरायचं होतं.

घरी आलो आणि अर्ज परत वाचला. त्यात लिहिलं होतं की रग्बी क्लब मैदान खराब करतो आणि त्यांना दुसरी जागा द्यावी. पण त्यांच्याकडे दुसरी जागा आहे कुठे? मुंबईच्या जिमखान्यासारखं शेजारी राखून ठेवलेलं हिरवं मैदान त्यांचं नाही. तेही तासाचे पैसे भरून परमिट घेतात, आमच्यासारखेच. १८८१ चा अर्ज न्याय्य होता, कारण तुडवणाऱ्याकडे पर्याय होता आणि सत्ताही होती. आमच्या अर्जात आम्ही स्वतःला देशी क्रिकेटपटू समजत होतो. माळ्याच्या चाकूने दाखवलं की आमच्याही पायांत टापा आहेत.

शिवाय सिटीपुढे दोन भाडेकरू भांडत गेले की तिसराच तोडगा निघतो हे जाणकारांना माहीत आहे: सगळं उखडून प्लॅस्टिक घाला. ते हवं की नको यावर या राज्यात पुष्कळ वाद झालेत. सॅन फ्रान्सिस्कोत समुद्राजवळच्या बीच शॅले मैदानांसाठी २०१४ मध्ये मतदान झालं आणि प्लॅस्टिकवाले जिंकले. उलट २०२३ च्या एका कायद्याने कॅलिफोर्नियातल्या शहरांना प्लॅस्टिकच्या गवतावर बंदी घालायची मुभा दिली. प्लॅस्टिकच्या बाजूनेही मुद्दे आहेत, खेळायला तास जास्त मिळतात हे खरंच. पण निर्णय आमच्या भांडणातून होऊ नये एवढंच.

मी तेविसावी सही केली नाही. ग्रुपवर चिकार बोलणी खाल्ली. एकाने तर "रग्बीवाल्यांनी बिअर पाजली वाटतं" असं लिहिलं. (पाजली, पण नंतर.) ज्याचा गुडघा गेला त्याला फोन करून सगळं सांगितलं. पाटीचंसुद्धा. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "च्यायला, पाटी हलवताना मीही होतो की."

आता दोन्ही क्लबांचा मिळून एकच अर्ज तयार झालाय. मागण्या चार. पाऊस झाला की दोघांनाही मैदान बंद, अपवाद नाही. गोल दर महिन्याला सरकवायचे आणि स्क्रमचा सराव कडेच्या पट्ट्यात करायचा. जमिनीला भोकं पाडून, वाळू भरून, नवं बी पेरायचं, आणि त्यासाठी उन्हाळ्यात सहा आठवडे कुणीच खेळायचं नाही. चौथी माळ्याने सुचवली: त्याच्या हाताखाली सीझनपुरता एक माणूस द्या. एवढी मैदानं तो एकटा बघतो.

सहा आठवडे ही सोपी गोष्ट नाही. आमच्यातल्या काही जणांसाठी रविवारचा तो दीड तास म्हणजे आठवड्यातलं एकमेव माणसात येणं आहे. एकाचा एच-वन अडकलाय, एकाचे वडील तिकडे आजारी आहेत, आणि हे सगळं आम्ही एकमेकांना हाफ टाइमला बाटलीतलं पाणी पिताना सांगतो. म्हणून ग्रुपवर अजून पूर्ण एकमत नाही. आत्तापर्यंत आमच्या चौदा सह्या झाल्यात, रग्बीवाल्यांच्या एकोणतीस. पार्क कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्या गावात असा प्रसंग आला असेल, फुटबॉल-रग्बी असो की क्रिकेट-बेसबॉल, तर जरूर कळवा. विशेषतः ते सहा आठवडे लोकांना कुठे खेळवलंत ते. आणि पुढच्या वेळी मैदानावर जाल तेव्हा माळ्याला नाव विचारा. मला सहा वर्षं लागली.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक फुलबॅक (गुडघे अजून शाबूत)